बेल्टपासून दोन पावलं मागे

प्रश्न असा आहे: विमानातून उतरून सामान घ्यायला गेलं की बेल्टच्या कडेला माणसांची आणि ट्रॉल्यांची भिंतच उभी असते. मागे थांबलं तर आपली बॅग दिसत नाही, दिसली तरी हात पोहोचत नाही, आणि 'जरा सरका' म्हटलं की लोक रागानं बघतात. अशा वेळी उभं कुठं राहायचं? दुसऱ्याची बॅग उतरवून द्यावी का? आणि आपली बॅग कुणी चुकून नेली, किंवा आपणच दुसऱ्याची नेली, तर काय करायचं?

मी या कामात बरीच वर्षं आहे. सुरुवातीला विमानातून सामान उतरवणाऱ्यांबरोबर होतो, नंतर बॅग न मिळालेले प्रवासी ज्या काउंटरवर येतात तिथं. त्यामुळे बेल्टच्या भिंतीची मागची आणि पुढची, दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

आधी थोडक्यात सांगतो. बेल्टची कड बॅग उचलण्यापुरती आहे, वाट बघायची ती दोन पावलं मागे थांबून. बॅग दिसली की पुढे या, उचला आणि लगेच मागे व्हा. एका घरातला एकच जण पुढे, बाकीच्यांनी ट्रॉली आणि पोरंबाळं घेऊन भिंतीशी थांबायचं. काही विमानतळांवर यासाठी बेल्टभोवती जमिनीवर पट्टाही रंगवलेला असतो, आणि सगळे त्याच पट्ट्यावर ट्रॉली लावतात.

लोक असे चिकटून का उभे राहतात? उद्धटपणा फार थोड्यांच्या अंगी असतो. बाकीच्यांना धास्ती असते. बॅग आलीच नाही तर, कुणी उचलून नेली तर, समोरून निघून गेली तर. यातल्या शेवटच्या धास्तीत काही दम नाही, कारण बेल्ट गोल फिरतो आणि बॅग परत समोर येते. कुणी उचलून नेण्याच्या भीतीत थोडं तथ्य आहे, त्याबद्दल पुढे बोलतो. आणि बॅग आली की नाही, याचा निकाल तुमच्या उभं राहण्यावर मुळीच अवलंबून नसतो. तो काही तास आधी, बहुतेकदा दुसऱ्याच विमानतळावर लागून गेलेला असतो. विमानतळांची संगणक यंत्रणा पुरवणारी 'सिटा' ही संस्था दरवर्षी सामानाचे आकडे काढते. २००७ मध्ये दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ १९ बॅगा उशिरा पोहोचत, हरवत किंवा खराब होत. २०२३ मध्ये हा आकडा ६.९ वर आला होता. उशीर होणाऱ्या बॅगांत सगळ्यात मोठा वाटा असतो तो मधल्या विमानतळावर विमान बदलताना मागे राहणाऱ्यांचा. तेव्हा तुमचा प्रवास थेट विमानाचा असेल तर निम्मी काळजी तिथंच सोडून द्यायला हरकत नाही.

भिंतीमागे काय चाललेलं असतं तेही सांगतो, म्हणजे थांबणं सोपं जाईल. विमान थांबतं, इंजिनं बंद होतात, चाकांना ठोकळे लागतात, मग सामानाच्या कप्प्याचं दार उघडतं. लहान विमानांत बॅगा बऱ्याचदा सुट्याच रचलेल्या असतात. त्या कप्प्यात माणसाला ताठ उभं राहता येत नाही. लोडर गुडघ्यांवर बसून एकेक बॅग दाराकडे सरकवतो, बाहेरचा ती उतरत्या पट्ट्यावर घेतो आणि खालचा गाड्यांवर रचतो. मोठ्या विमानांत बॅगा कंटेनरमध्ये भरलेल्या असतात. अख्खा कंटेनर यंत्रानं उतरतो खरा, पण तो ओढत आणून हातानं रिकामा करावाच लागतो. गाड्यांची एक माळ रिकामी झाली की दुसरी येईपर्यंत बेल्ट नुसताच फिरत राहतो. पंधरा-वीस बॅगा येऊन एकदम खंड पडला की हॉलमध्ये कुजबुज सुरू होते ती याच वेळी. प्रत्यक्षात ट्रॅक्टर दुसरी खेप आणायला गेलेला असतो. जवळपास विजा होत असतील तर उघड्यावरचं काम थांबवलं जातं, कारण विमानाखाली उभ्या माणसाला तो थेट धोका असतो. आत हॉलमध्ये उभ्या माणसाला बाहेर वीज चमकते आहे याचा पत्ताही नसतो, तो घड्याळ बघत बेल्टजवळच्या कर्मचाऱ्यावर चिडत असतो.

'प्रायॉरिटी' टॅगच्या बॅगा आधी येतात, निदान याव्यात अशी अपेक्षा असते. त्यासाठी त्या वेगळ्या कंटेनरमध्ये किंवा दाराशी ठेवतात. त्या आल्या आणि तुमची आली नाही म्हणून कुणी तुमच्यावर अन्याय केलेला नसतो.

आता उभं कुठं राहायचं ते. बेल्ट साधारण दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींच्या खोडी वेगळ्या.

एक सपाट. माशाच्या खवल्यांसारख्या एकमेकींवर चढलेल्या प्लेटा, एका बाजूच्या रबरी झालरीतून बाहेर येणाऱ्या आणि दुसऱ्या झालरीतून आत जाणाऱ्या. इथं लोडर मागच्या बाजूला बॅग थेट बेल्टवर ठेवतो. सगळी गर्दी झालरीच्या तोंडाशी होते, आणि ती सगळ्यात वाईट जागा आहे. बॅग बाहेर पडते आणि ओळखेपर्यंत पुढे गेलेली असते, मग तिच्यामागे माणसांतून धावाधाव. त्यापेक्षा तोंड दुरून दिसेल अशा ठिकाणी, पण पुढच्या सरळ भागाजवळ थांबा. बॅग तोंडाशी ओळखायची आणि सरळ भागात उचलायची. मधल्या वेळात तुम्ही निवांत चालत कडेपर्यंत पोहोचता. उंची कमी असलेल्यांना हीच युक्ती उपयोगी पडते, कारण गर्दीच्या अगदी मागे उभं राहण्यापेक्षा तिरक्या कोनातून तोंडाकडे बघितलं तर मधे डोकी कमी येतात. वळणावर मात्र उचलू नका. तिथं प्लेटा एकमेकींखाली सरकतात, बॅगा गरकन फिरतात आणि हातात आलेली मूठ ऐन वेळी उलट्या दिशेला जाते.

दुसरा तिरका. मधे उंच, कडेकडे उतरता. मधून किंवा वरून बॅग घसरत येते आणि कडेच्या रबरी कठड्यावर धाडकन आदळते. वीस किलोंची बॅग उतारावरून येताना जी गती घेते ती बघितली असती तर तिथं कुणी हात टेकून उभं राहिलं नसतं, मुलाला तर मुळीच उभं केलं नसतं. या बेल्टवर बॅगा दोन थरांत येतात. आपली वरच्या थरात असेल तर खालची बाजूला ढकलून ओढू नये. एक फेरी जाऊ द्यावी, तोवर खालची कुणीतरी नेलेली असते.

गर्दीची भीती घालवायचा आणखी एक उपाय म्हणजे आपली बॅग दुरून ओळखू यावी. सगळ्या बॅगा सारख्या दिसतात ही तक्रार खरीच आहे. उभी चालवायची, लांब दांड्याची दोन चाकी बॅग रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं १९८७ मध्ये काढली. आधी विमान कर्मचाऱ्यांनी ती घेतली, त्यांच्याकडे बघून प्रवाशांनी, आणि आता अर्धा बेल्ट तिच्याच काळ्या भावंडांनी भरलेला असतो. त्यावर लोक मुठीला लाल फीत बांधतात. फीत मुठीवर आडवी पडली की दिसत नाही, लोंबत असेल तर पट्ट्यांत अडकून तुटते, आणि शेजारच्या तिघांनीही लालच बांधलेली असते. बॅगेच्या दोन्ही मोठ्या बाजूंवर ठळक रंगाचं काहीतरी चिकटवा, किंवा रुंद रंगीत पट्टा आवळून बांधा. कुठल्याही बाजूवर पडली तरी दिसली पाहिजे.

उचलण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बेल्टवरची बहुतेक भांडणं आणि बहुतेक दुखापती इथंच होतात.

इकॉनॉमीत एका बॅगेला बऱ्याच विमान कंपन्यांत २३ किलोंची मुभा असते, आणि ३२ किलोंपेक्षा जड एकच नग सहसा घेतलाच जात नाही. ही दुसरी मर्यादा उचलणाऱ्यांच्या पाठीसाठी आहे. लोडर शिकलेला असतो, त्याला सवय असते. तुम्ही कित्येक तास खुर्चीत आखडून बसून आलेले असता आणि चालत्या पट्ट्यावरचं तेवढंच वजन एका हातानं, वाकून, कंबर वळवून ओढायला जाता.

आधी मागे बघा. बॅग खेचली की ती तुमच्या अंगावरून पुढे जाऊन मागच्याच्या नडगीवर बसते. मागे कुणी असेल तर 'बॅग घेतोय' एवढं म्हटलं तरी तो सरकतो. मग बॅगेबरोबर एक-दोन पावलं चाला. चालत्या वस्तूला थांबलेल्या माणसानं धरलं की सगळा झटका खांद्याला बसतो, आणि बरोबर चाललं की तोच निम्मा होतो. बाजूची कापडी मूठ धरा. ओढायचा लांब दांडा बाहेर काढून त्याला धरून उचलू नका, तो त्यासाठी नाही आणि तिथंच तुटतो. बॅग आधी कठड्यावर टेकवा, अंगाशी आणा, आणि मग कंबर न वळवता पाय वळवून खाली ठेवा. खाली ठेवल्यावर तिथंच दांडा काढणं, कुलूप तपासणं, घरी फोन करून 'मिळाली, मिळाली' सांगणं नको. चार पावलं मागे जा, मग हवं ते करा.

हातातून सुटली तर सुटू द्या. तिच्यामागे लोकांना ढकलत पळणारा माणूस बॅगेपेक्षा जास्त वेगात असतो आणि त्याला वाटेतलं मूल दिसत नाही. बेल्टवर चढायचं तर कधीच नाही. कडेला लाल बटण असतं ते कुणाचा पाय, कपडा, हात अडकला तर दाबायचं. बॅग निसटली म्हणून ते दाबणारेही भेटतात. मग कर्मचारी येऊन पाहणी करून बेल्ट पुन्हा सुरू करेपर्यंत सगळा हॉल उभा.

आता दुसऱ्याच्या बॅगेचा प्रश्न. मदत जरूर करा, पण विचारून. 'कोणती तुमची? उतरवून देऊ का?' आणि उत्तर येईपर्यंत थांबा. न विचारता उतरवून दिलेली बॅग कधी तिसऱ्याचीच निघते, कधी आत नाजूक वस्तू असते, कधी त्या माणसाला स्वतःच घ्यायची असते. वयस्कर माणूस, गरोदर बाई, कडेवर मूल घेतलेली आई दिसली तर वाट न बघता विचारावं, एवढंच. आपण होऊन 'अहो, ती निळी जरा घेता का?' म्हणायलाही लाजू नये. पुढे उभा असलेला माणूस नव्वद टक्के वेळा आनंदानं घेऊन देतो, कारण त्यालाही नुसतं उभं राहून कंटाळा आलेला असतो.

याच्या उलट एक सवय आहे ती मला खरंच खटकते. आपली वाटली म्हणून बॅग उतरवायची, टॅग बघायचा, आपली नाही असं कळलं की तिथंच जमिनीवर सोडून द्यायची. खरा मालक दहा फुटांवर बेल्टकडे डोळे लावून उभा असतो आणि त्याची बॅग त्याच्या पाठीमागे पडलेली असते. असा माणूस शेवटी आमच्या काउंटरवर येतो, अर्धी तक्रार लिहून होते आणि मग कुणीतरी म्हणतं, 'खांबाशी पडलीय ती कुणाची?' उतरवलीत तर परत ठेवा, मूठ बाहेरच्या बाजूला करून. जपानमधलं कान्साई विमानतळ १९९४ मध्ये सुरू झालं. तिथले कर्मचारी बॅगा बेल्टवर मुठी प्रवाशांकडे करून ठेवतात. एवढ्याशा गोष्टीनं उचलणं किती सोपं होतं ते एकदा पाहिलं की लक्षात येतं.

चुकून बॅग बदलण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा होतो, आणि त्यात चोरी क्वचितच असते. काय होतं ते सांगतो. एक प्रवासी काउंटरवर येतो आणि म्हणतो, माझी काळी, मध्यम आकाराची, चार चाकांची बॅग आली नाही. आम्ही आधी संगणकाकडे वळत नाही, बेल्टकडे वळतो. तिथं एकच काळी, मध्यम, चार चाकांची बॅग एकटी फिरत असते. तिचा टॅग वाचला की मालकाचं नाव आणि बुकिंग कळतं, त्यावरून फोन लावतो. माणूस गाडीत असतो. 'तुमची बॅग विमानतळावर राहिली आहे.' तो हसतो: 'नाही हो, बॅग तर इथं माझ्या मागेच आहे.' मग विचारायचं, 'तिच्या मुठीवरच्या टॅगवरचं नाव वाचून दाखवता का?' दारं उघडल्याचा आवाज येतो, थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग आवाज एकदम बदलतो.

हा सगळा खटाटोप वाचवायला काही क्षण पुरतात. बॅग देताना तुम्हाला एक छोटी पावती मिळते, बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेली किंवा फोनमध्ये आलेली. तिच्यावर १० अंकी क्रमांक असतो, तोच बॅगेच्या टॅगवर असतो. त्यातले मधले तीन अंक विमान कंपनीचा संकेत आणि शेवटचे सहा त्या बॅगेचे स्वतःचे. शेवटचे चार जुळवून बघितले तरी काम होतं. हॉलच्या दाराशी कुणी टॅग तपासत असेल तर त्याच्यावर वैतागू नका, तो तुमच्याच बॅगेची राखण करतोय.

बाहेर गेल्यावर चूक कळली तर बॅग उघडू नका, आणि 'त्यांचा पत्ता द्या, मी घरी पोहोचवतो' असंही करू नका. भावना चांगली असली तरी आतलं काही कमी निघालं तर तुम्ही अडकता. विमान कंपनीला कळवा आणि बॅग विमानतळावर परत आणून द्या. तुमची बॅग बहुधा तिथंच तुमची वाट बघत असते. निघण्याआधी करायच्या दोन गोष्टी: बॅगेच्या बाहेर आणि आतही नाव आणि चालू असलेला फोन नंबर ठेवा, आणि मागच्या प्रवासांचे टॅग व बारकोडचे छोटे स्टिकर खरवडून काढा. जुना बारकोड यंत्रानं वाचला की बॅग भलत्याच वाटेला लागू शकते.

कडेला खिळून बसलेल्या लोकांना काय म्हणायचं? 'सरका' म्हटलं की माणूस आपली जागा राखायला लागतो. 'माझी बॅग येतेय, जरा घेऊ द्याल?' म्हटलं की त्याला कळतं, हा दोन क्षणांसाठी येतोय आणि जाणार आहे. बोट करून बॅग दाखवली तर आणखी बरं. खांद्याला हात लावून बाजूला करू नका, दमलेला माणूस त्यावर भडकतो. मधे एखादी बेवारशी ट्रॉली असेल तर 'ही कुणाची?' असं मोठ्यानं विचारा आणि मग सरकवा. समोरचा ऐकूनही हटला नाही तर वाद घालू नका, चार पावलं पुढे जा. बॅग तिकडेच येणार आहे.

ट्रॉली बेल्टला कधीच टेकवू नये. एक ट्रॉली तीन माणसांची जागा खाते, आणि उचललेली बॅग तिच्यावरूनच न्यावी लागते. लहान मुलांना बेल्ट म्हणजे खेळ वाटतो. प्लेटांच्या फटीत बोट, बुटाची नाडी, ओढणीचं टोक जाऊ शकतं. मूल ट्रॉलीवर बसवून कुणीतरी धरून ठेवणं हे सगळ्यात सोपं. स्पीकरवर चाललेल्या फोनबद्दल न लिहिलेलंच बरं. आणि जिथं कस्टमची तपासणी आहे तिथं फोटो, व्हिडिओ काढायला बहुधा बंदी असते, तेव्हा आधी पाटी वाचा.

बाबागाडी, सायकल, सर्फबोर्ड, मोठं वाद्य, असं सामान नेहमीच्या बेल्टवर येत नाही. त्याला वेगळी खिडकी किंवा वेगळा बेल्ट असतो, बहुतेकदा हॉलच्या एका टोकाला. अर्धा तास चुकीच्या बेल्टशी थांबलेले आईवडील नेहमी दिसतात. व्हीलचेअरवरचा प्रवासी बेल्टशी आला तर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला फक्त लोकांच्या पाठी असतात. त्याच्यासमोरची जागा मोकळी सोडा, आणि बोलायचं असेल तर ढकलणाऱ्याशी न बोलता त्याच्याशीच बोला.

एका बाबतीत मात्र सभ्यपणा बाजूला ठेवून सरळ नाही म्हणायचं. हॉलमध्ये ओळख झालेला कुणी म्हणतो, माझ्याकडे सामान जास्त आहे, ही एक बॅग तेवढी कस्टममधून तुमच्या ट्रॉलीवर आणाल का? त्या दारातून तुम्ही जे नेता ते कायद्याच्या नजरेत तुमचं असतं. आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि 'मला माहीत नव्हतं' हे पटवून देणं फार अवघड जातं. बॅग उतरवायला मदत करा, ट्रॉली आणून द्या, पण दारातून ज्याची बॅग त्यानंच न्यायची. 'जरा लक्ष ठेवा, आलोच' म्हणून बॅग सोडून जाणाऱ्यालाही तेच. तो परत आला नाही तर ती बेवारस बॅग ठरते आणि सुरक्षावाल्यांच्या प्रश्नांना तुम्ही उत्तरं देत बसता.

शेवटी, बॅग आलीच नाही तर. फलकावर शेवटची बॅग आल्याचं दिसलं, मोठ्या सामानाची खिडकी पाहून झाली, खांबांमागे नजर टाकून झाली, की हॉलमधल्या काउंटरवर जा. आंतरराष्ट्रीय प्रवासात हॉलबाहेर पडलात की सहसा परत आत येऊ देत नाहीत, म्हणून आधी तक्रार, मग बाहेर. काउंटरवरचा माणूस बहुधा विमान कंपनीचा नसून जमिनीवरची कामं घेणाऱ्या कंपनीचा असतो. तुमची बॅग मागे ठेवणारा तो नव्हे, पण ती शोधणारा पहिला माणूस तोच आहे. त्याच्यावर ओरडून बॅग लवकर येत नाही. टॅगचा क्रमांक, रंग, आकार, चाकं किती, कठीण की कापडी, कंपनीचं नाव, आत सगळ्यात वर काय आहे, ही माहिती मात्र उपयोगी पडते. बॅगेचा फोटो असेल तर काम फारच सोपं. निघताना तक्रारीची प्रत घ्या. तिला पीआयआर म्हणतात. तिच्यावरचा दहा अक्षरी-अंकी क्रमांक जपा: आधी विमानतळाचा तीन अक्षरी संकेत, मग कंपनीचा दोन अक्षरी, मग पाच अंक. पुढचा सगळा शोध त्यावरच चालतो.

आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेनं जून २०१८ पासून सदस्य कंपन्यांना बॅगेची नोंद चार टप्प्यांवर ठेवायला सांगितली आहे: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्याकडे देताना आणि शेवटी प्रवाशाला परत करताना. म्हणून कंपनीच्या ॲपमध्ये बॅग चढवल्याची नोंद दिसते का ते बेल्टशी जाण्याआधीच बघता येतं. बॅगेत एअरटॅगसारखं, बॅग कुठं आहे ते फोनवर दाखवणारं काही ठेवलं असेल तर तेही सांगा, काही कंपन्या त्याची लिंक तक्रारीला जोडून घेतात. पण फोनवर बॅग भिंतीमागे दिसते म्हणून झालरीतून आत डोकावू नका. पलीकडे सुरक्षेचा भाग असतो, आणि ट्रॅक्टरही असतात.

बॅग फुटलेली मिळाली तर तिथंच दाखवा आणि फोटो काढा. आंतरराष्ट्रीय प्रवासाला बहुतेक ठिकाणी १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. त्यानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. ठरलेल्या दिवसानंतर २१ दिवसांतही बॅग आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, त्याचा त्या दिवसाचा भाव बघून रक्कम काढतात. ही कमाल मर्यादा असते, तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही, म्हणून बॅगेतल्या वस्तूंच्या पावत्या आणि उशिरामुळे घ्याव्या लागलेल्या कपड्यांची, औषधांची बिलं जपून ठेवा. देशांतर्गत प्रवासाला त्या त्या देशाचे नियम लागतात. ते तुमच्या तिकिटाच्या अटींत लिहिलेले असतात, आणि काउंटरवर मागितले तर दाखवतातही.